अडकलेल्या महाकथेतून चोवीस पानांची मांगा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी चित्रं आणि कॉमिकची पानरचना शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी तीन जाड वह्या आणि एक पेनड्राइव्ह घेऊन आली आणि म्हणाली, "सर, माझी मांगा अडकलीय." मांगा म्हणजे जपानी धर्तीचं कॉमिक. तिच्या परवानगीने ही हकीकत लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि इथे तिला मी नुसतं चित्रकर्ती म्हणणार आहे. वय तेवीस, दिवसभर नोकरी. शाळेत असल्यापासून मांगा वाचत आलेली.

वह्यांमध्ये एक अख्खं जग होतं. चार राज्यांचे नकाशे, चाळीस पात्रं, प्रत्येकाचा समोरून, बाजूने आणि मागून काढलेला आराखडा, एका जमातीची स्वतंत्र लिपी. एकूण बारा खंडांची योजना. पेनड्राइव्हमध्ये मात्र पुरी झालेली अकरा पानं होती, चौदा महिन्यांच्या कामाची.

ती पानं सुंदर होती, हे आधी सांगतो. शाईच्या रेषेत जोर होता, काळे भाग नेमके भरलेले होते. पण पहिल्या पानावर नायिका राजवाड्याच्या पायऱ्या चढत होती आणि अकराव्या पानावरही ती पायऱ्याच चढत होती. मधल्या पानांवर वारा, झेंडे, बुरुज आणि तिचे डोळे. एकही वाक्य कुणी बोललं नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

तिचं म्हणणं होतं की आपलं चित्र कमी पडतंय. म्हणून चौथं पान तिने सहा वेळा काढलं होतं. मला ते पटलं नाही. आम्ही कागद घेतला आणि हिशोब मांडला. मांगाचा एक खंड साधारण एकशे नव्वद पानांचा धरला, तर बारा खंडांची जवळपास २,२८० पानं. चौदा महिन्यांत अकरा, म्हणजे वर्षाला नऊ-साडेनऊ. भागाकार तिनेच केला. उत्तर आलं सुमारे दोनशे चाळीस वर्षं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मलाही वाईट वाटलं, पण हा आकडा तिच्यासमोर यायलाच हवा होता.

दुसरी गोष्ट तुलनेची. आठवड्याला वीसेक पानं देणारे मांगाकार तिच्या डोळ्यांसमोर होते. जपानमध्ये १९५९ साली मुलांसाठीची दोन मांगा साप्ताहिकं एकाच दिवशी सुरू झाली, आणि तेव्हापासून हा साप्ताहिक रेटा तिथल्या धंद्याचा भाग झाला. पण त्या वीस पानांमागे पार्श्वभूमी काढणारे, काळं भरणारे, टोन म्हणजे ठिपक्यांची राखाडी छटा लावणारे सहाय्यक असतात आणि दर भागावर बोलणारा संपादक असतो. रात्री जेवण झाल्यावर दीड तास बसणाऱ्या एकट्या माणसाने स्वतःला त्या गजाने मोजलं, तर हाती निराशेशिवाय काही लागत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिने 'नेम' केलंच नव्हतं. मांगाच्या जगात नेम म्हणजे अख्ख्या गोष्टीचा कच्चा खर्डा: चौकटी, बोलण्याचे फुगे, संवाद, आणि पात्रांच्या जागी गोल डोकी व काड्यांचे हातपाय. एक पान दहा-पंधरा मिनिटांत होतं, फाडून टाकायला जीव दुखत नाही. आपल्याकडे नेम म्हणजे निशाणा. शब्दांचं नातं काही नाही, पण काम तेच आहे: बाण सोडण्याआधी धरायचा असतो. ही मुलगी थेट पहिल्या पानाच्या शाईला बसली होती. गोष्ट पुढे सरकत नाहीये हे कळायला तिला चौदा महिने लागले. नेम केलं असतं तर एका संध्याकाळीत कळलं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तेच चालू ठेवायचं, फक्त चित्रं साधी करून वेग वाढवायचा. वेग तिप्पट झाला असता तरी ऐंशी वर्षं होत होती, त्यामुळे यावर फार बोलायला लागलं नाही.

दुसरा, जोडीदार शोधायचा: गोष्ट तिची, चित्रं दुसऱ्याची, किंवा उलट. हा पर्याय वाईट नाही. मांगात लेखक आणि चित्रकार वेगळे असण्याची रीत जुनी आहे. पण तिने अजून एकही गोष्ट शेवटापर्यंत नेलेली नव्हती. अशा वेळी दुसऱ्याचे शंभर तास अंगावर घेणं मला जोखमीचं वाटलं, आणि तसं मी बोललोही.

तिसरा, चार चौकटींच्या छोट्या पट्ट्या, ज्यांना जपानीत योनकोमा म्हणतात. हात मोकळा होतो, आठवड्याला एक पुरी होते. मी याच बाजूला होतो. तिला मात्र पट्टी नको होती. पान उलटताना वाचणाऱ्याच्या छातीत जे धस्स होतं, त्याच्यासाठी ती मांगाकडे आली होती, आणि चार चौकटींत पान उलटायलाच मिळत नाही. तिचं बरोबर होतं. माणूस ज्या गोष्टीसाठी आलाय तीच काढून घेतली, तर सराव होतो पण माणूस निघून जातो.

चौथा पर्याय, एकाच बैठकीत वाचून होईल अशी स्वतंत्र लघुमांगा. जपानीत तिला योमिकिरी म्हणतात आणि बहुतेक नवे मांगाकार याच दारातून आत येतात. हे ठरलं. पानं किती, तर चोवीस. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. सोळात तिचा जीव गुदमरला असता, बत्तिसात पुन्हा पायऱ्या चढणं सुरू झालं असतं.

महाकथेचं काय करायचं, हा प्रश्न तिने तीनदा विचारला. मी म्हणालो, वह्या कपाटात ठेव. टाकू नकोस आणि उघडूही नकोस.

पहिला निर्णय: कोणती गोष्ट

तिच्या चाळीस पात्रांत एक म्हातारी होती, घड्याळं दुरुस्त करणारी. बारा खंडांत तिच्या वाट्याला दोन चौकटी होत्या. चित्रकर्तीने तिलाच उचललं. गोष्ट अशी: एक मुलगा बंद पडलेलं खिशातलं घड्याळ घेऊन येतो आणि म्हणतो, "दुरुस्त नको. फक्त उघडून दाखवा." म्हातारी कारण विचारत नाही. उघडते. आतल्या झाकणावर बारीक अक्षरांत खूप जुन्या दुरुस्तीची खूण कोरलेली असते, आणि ती खूण तिची स्वतःचीच असते.

घड्याळजी खरोखरच अशा खुणा करत. जुन्या घड्याळांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार हत्याराने ओरखडलेल्या तारखा, आद्याक्षरं, अंक सापडतात. हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ते डोक्यात राहून गेलं होतं. दोन पात्रं, एक खोली, एक दुपार. मला गोष्ट लगेच आवडली.

फक्त एका गोष्टीला मी हरकत घेतली. या कथेत सगळं हातांनी घडतं: स्क्रू काढणं, चिमटा धरणं, झाकण उघडणं. हात काढणं तिला जड जायचं. आधीच्या अकरा पानांवर बहुतेक हात झग्यात, पाठीमागे किंवा चौकटीबाहेर होते. मी सुचवलं, कथा बदल किंवा हात चौकटीबाहेर ठेव. तिने ऐकलं नाही. मोबाइल टेबलाच्या कडेला टेकवून तिने स्वतःच्या हातांचे फोटो काढले, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, वरून एका दिव्याचा उजेड. सुमारे दोनशे फोटो. मग तीन आठवडे नुसते हात. म्हातारीच्या बोटांचे पेर सुजलेले, नखं आखूड, अंगठ्याची कातडी घट्टे पडलेली. पुढे वाचणाऱ्यांनी जी पानं पुन्हा पुन्हा उघडली ती याच हातांची होती. माझा सल्ला चुकीचा होता.

दुसरा निर्णय: पान कुठून वाचायचं

तिची जुनी पानं उजवीकडून डावीकडे वाचायची होती. "नाहीतर ती मांगा कशी वाटेल?" असं तिचं म्हणणं. या प्रश्नावर आम्ही दोन भेटी घालवल्या.

मांगात जपानी मजकूर उभा लिहिला जातो आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणून चौकटीही तशाच सरकतात. लिपी आणि पान एकाच दिशेने वाहतात. इंग्रजीत अनुवाद सुरू झाले तेव्हा प्रकाशक पानं आरशात दाखवावी तशी उलटी करून छापत. त्याने तलवारबाज डावखुरे व्हायचे आणि किमोनोची उजवी बाजू वर यायची, जी जपानमध्ये फक्त प्रेताच्या वस्त्राला असते. २००२ च्या सुमारास मूळ दिशा तशीच ठेवण्याची पद्धत तिकडे रुळली, आणि वाचकांना उजवीकडून वाचणं हीच मांगाची खूण वाटायला लागली. अनुवादासाठी ते योग्यच आहे. पण जी गोष्ट मुळात मराठीत, देवनागरीत लिहिली जातेय, तिच्यात फुग्याच्या आत डोळा डावीकडून उजवीकडे जाणार आणि बाहेर पडताच उलटा फिरणार. एका पानावर पंधरा वेळा.

तिने एकच पान दोन्ही दिशांनी मांडून आपल्या चौदा वर्षांच्या भावाला दिलं. काही न सांगता बोट फिरवत वाचायला लावलं. उजवीकडच्या मांडणीत त्याचं बोट तीन ठिकाणी थांबलं आणि एकदा मागे गेलं. तो म्हणाला, "ताई, हे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर का आहे?" तिथे निर्णय झाला. डावीकडून उजवीकडे.

फुग्यांचा आकारही त्याच दिवशी बदलला. मांगातले फुगे उभट असतात, कारण मजकूर उभा असतो. देवनागरीचे शब्द शिरोरेषेने बांधलेले, आडवे, शिवाय वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार. उभट फुग्यात 'उघडून' हा एक शब्दच सगळी रुंदी खातो आणि चार ओळींची उतरंड तयार होते. तिने फुगे आडवे केले, दोन ओळींमधली जागा वाढवली आणि एका फुग्यात तीनच्या वर ओळी नाहीत असं ठरवलं. संवाद आपोआप छोटे झाले. मुलाचं पहिलं बोलणं आधी पाच वाक्यांचं होतं. उरली ती दोन, जी मी वर दिली आहेत.

तिसरा निर्णय: नेम, आणि सतरावं पान

नेमचे तीन खर्डे झाले. पहिला चार दिवसांत झाला आणि एकतीस पानांवर गेला. दुसऱ्यात तिने की-शो-तेन-केत्सु ही चार टप्प्यांची जुनी बांधणी वापरली: ओळख, विस्तार, वळण, शेवट. पानं १ ते ५, ६ ते १५, १६ ते २०, २१ ते २४. या बांधणीत भांडण किंवा खलनायक असायलाच हवा असं नाही. वळण पुरतं, आणि या गोष्टीला ते साजेसं होतं.

दुसरा खर्डा मी एका दमात वाचला. गोष्ट चांगली चालली होती, तरी झाकणावरची खूण दिसते तिथे मला काहीच वाटलं नाही. का, ते आम्हाला कळेना. मग तिने पानं खरोखर पुस्तिकेसारखी दुमडून पिना मारल्या, आणि दोघांनाही एकदमच दिसलं. खूण सतराव्या पानावर होती. डावीकडून वाचायच्या पुस्तिकेत सम आकड्याचं पान डाव्या हाताला, विषम उजव्या हाताला. म्हणजे सोळा आणि सतरा एकाच वेळी उघडतात. वाचणारा सोळाव्या पानावर स्क्रू काढत असतो आणि कडेच्या नजरेने सतराव्यावरची खूण त्याला आधीच दिसलेली असते. मोठ्या चौकटीकडे डोळा आधी धावतो, त्याला कोण अडवणार?

खूण अठराव्यावर, पान उलटल्यावर डाव्या हाताला यायला हवी होती. म्हणजे खुणेआधी एक पान वाढवायचं आणि खुणेनंतरचं कुठलंतरी एक कापायचं. तिला तिथलं गल्लीचं पान फार प्रिय होतं. पाऊस, छपरं, मांजर. दोन दिवस तिने ते वाचवायची खटपट केली. मग तेच कापलं. मिळालेल्या जागेत सतरावं पान आलं: एकही शब्द नाही, सहा चौकटी, एकाच क्षणाचे सहा तुकडे. स्क्रूची खाच. म्हातारीचा श्वास धरलेला ओठ. मुलाची टाच जमिनीवरून उचललेली. दिव्याची वात. बशीत पडलेला तिसरा स्क्रू. झाकणाच्या फटीत शिरलेलं नख. इथे हात पानाच्या कोपऱ्याकडे जातो.

आवाजाचंही याच खर्ड्यात ठरलं. जपानी मांगात चित्रात मिसळलेले ध्वनिशब्द फार असतात, आणि शांततेलाही 'शीऽऽन' असा शब्द आहे. तिला तसा मराठी शब्द हवा होता. 'शुकशुकाट', 'सुन्न', 'चिडीचूप' सगळं लिहून पाहिलं. मराठीत ध्वनीच्या शब्दांची कमी नाही, टपटप, खळ्ळकन, किणकिण, करकर, पण शांततेचे आपले शब्द चित्रात चढवले की मथळ्यासारखे दिसतात. अखेर तिने उलटा मार्ग घेतला. दुसऱ्या पानापासून सतराव्यापर्यंत चौकटींच्या कडांना, फटींमध्ये, कपाटांच्या मागे बारीक हाताने लिहिलेलं 'टिक टिक टिक' चालू राहतं. इतकं की तिसऱ्या पानानंतर लक्षही जात नाही. अठराव्या पानावर ते नाही. मला विचाराल तर या पुस्तिकेतली सगळ्यात चांगली कल्पना हीच.

प्रत्यक्ष काम

कामाचा वेळ तिने आधी मोजला. एक पान नमुन्यादाखल काढलं, बारा तास लागले. आठवड्याला चौदा तास मिळत होते. चोवीस पानांना २८८ तास, म्हणजे एकवीस आठवडे. प्रत्यक्षात एकोणतीस लागले. तीन आठवडे मनगट दुखल्यामुळे सक्तीची सुट्टी, दोन पानं पुन्हा काढावी लागली, बाकी आयुष्य.

शाईचा क्रम ठरवताना एक जुनी युक्ती वापरली. सलग चोवीस पानं काढताना हात सुधारत जातो, त्यामुळे पहिलं पान सगळ्यात कच्चं आणि शेवटचं सगळ्यात पक्कं दिसतं. वाचणारा मात्र पारख पहिल्या पानावरून करतो. म्हणून तिने शाई सातव्या पानापासून सुरू केली, चार-चार पानांचे गठ्ठे करून, आणि पहिली चार पानं अगदी शेवटून दुसऱ्या गठ्ठ्यात घेतली. याचा फरक डोळ्यांना दिसतो.

दुकानात भिंतभर घड्याळं. प्रत्येक चौकटीत ती काढायची म्हटलं तर वर्ष गेलं असतं. तिने दुसऱ्या पानावर अर्धं पान व्यापणारी एकच चौकट घेतली आणि तिच्यात सगळं दुकान ओतलं, एकूण त्रेसष्ट घड्याळं. पुढे दर पानावर एका चौकटीत पार्श्वभूमी, बाकी ठिकाणी पांढरं, काळं किंवा टोन. एकदा जागा डोक्यात बसली की वाचणारा ती सोबत घेऊन फिरतो. चौकटींमधल्या फटीही तिने मोजून ठेवल्या: दोन ओळींमधली आडवी फट रुंद, एकाच ओळीतल्या चौकटींमधली उभी फट अरुंद. डोळा अरुंद फट आधी ओलांडतो, त्यामुळे आडवी ओळ पुरी करूनच खाली उतरतो.

साधनांबद्दल थोडक्यात. छोटा पेन टॅब्लेट, मांगासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर, रेषांसाठी ६०० डीपीआय (एका इंचात ६०० पिक्सेल), निव्वळ काळं-पांढरं. पानाचा आकार सॉफ्टवेअरच्या तयार साच्यातला जपानी बी५, १८२ × २५७ मिलिमीटर, महत्त्वाचं सगळं १५० × २२० च्या आतल्या चौकटीत, कापणीसाठी चारी बाजूंना तीन मिलिमीटर जास्त. हे सगळं योग्यच होतं. चूक वेगळीकडेच झाली.

छपाईच्या वेळी

पानं तयार झाल्यावर छपाईची चौकशी सुरू झाली आणि पहिला धक्का बसला. छापणाऱ्यांच्या लेखी बी५ म्हणजे १७६ × २५०. आंतरराष्ट्रीय बी५ तेवढंच असतं. जपानी बी५ त्याहून मोठं. कुठल्याही बी५ ला कागद वाया जाणार होता. नेहमीचा आकार ए५, १४८ × २१०. ती थकली होती, मलाही पुस्तिका हातात घ्यायची घाई झाली होती. "लहान करू या," असं आम्ही ठरवलं. ८१ टक्के.

पन्नास प्रती आल्या. सात पानांवर म्हातारीच्या ॲप्रनवर पाण्यावरच्या तवंगासारखे पट्टे उठले होते. याला मोआरे म्हणतात. कारण साधं गणिताचं आहे. तिचा टोन एका इंचात ठिपक्यांच्या साठ ओळींचा होता. ६०० डीपीआयला प्रत्येक ठिपक्याला नेमके दहा पिक्सेल मिळतात. पान ८१ टक्के केल्यावर ठिपक्याच्या वाट्याला आले ८.१. पिक्सेल अर्धामुर्धा नसतो, त्यामुळे काही ठिपके आठचे, मध्येच एखादा नऊचा, आणि त्या विषमतेचे पट्टे दिसायला लागले. दोष छापणाऱ्यांचा अजिबात नव्हता. रेषांचा थर आणि टोनचा थर वेगळे ठेवून, टोन राखाडीच राहू देऊन, अंतिम आकाराला आल्यावर ठिपके केले असते तर हे टळलं असतं. संवादाची अक्षरंही ११ पॉइंटवरून ९ वर आली. वाचता येतात, पण 'द्ध' आणि 'द्व' ओळखायला डोळे बारीक करावे लागतात.

त्या संध्याकाळी ती एक शब्द बोलली नाही. सातही पानं एकापुढे एक मांडून बसली होती. आकाराचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही.

निष्पत्ती

चोवीस पानांची मांगा पुरी झाली. पन्नास प्रती ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांत गेल्या, डिजिटल प्रत तिने इंटरनेटवर ठेवली. मोबाइलवर पान एकेकटं दिसत असल्यामुळे समोरासमोरच्या पानांचा प्रश्न तिथे येत नाही. अठरावं पान तिथेही आपोआप पान सरकवल्यावरच येतं.

पन्नास हा आकडा छोटा वाटेल. तोक्योतलं कॉमिकेट, स्वतः छापलेल्या मांगांचा आज जगातला सगळ्यात मोठा मेळा, १९७५ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा त्यात बत्तीस गट होते आणि आले होते सातशेच्या आसपास लोक. पन्नास प्रतींना मी कमी लेखत नाही.

प्रतिक्रियांपैकी दोन सांगतो. तिचा भाऊ अठराव्या पानावर थांबला, मग झपाट्याने मागे गेला, चौथ्या पानावर. तिथे म्हातारीच्या हत्यारांच्या पेटीवर तीच खूण बारीक काढलेली आहे. ती जागा त्याला कुणी सांगितली नव्हती. आणि त्यानेच थोड्या वेळाने विचारलं, "ताई, अकराव्या पानावर भिंतीवरचं घड्याळ मागे का गेलंय?" आठव्या पानावर चार वाजून दहा मिनिटं, अकराव्यावर चार वाजून पाच. गोष्ट घड्याळांची आणि ही चूक आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली होती.

पुन्हा करायचं झालं तर

छपाईचा आकार पहिल्या दिवशी, नेमच्याही आधी ठरवायचा. ज्याच्याकडे छापायचं त्याला मिलिमीटरमध्ये विचारायचं, 'बी५' या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. एका पानाची खरी छापील प्रत, टोनसकट, पहिल्या महिन्यातच काढून बघायची.

नेम वाचून दाखवायचं नाही, द्यायचं. दुसरा खर्डा तिने आधी मला स्वतः वाचून दाखवला होता आणि मला तो निर्दोष वाटला, कारण जिथे पान कमी पडत होतं तिथे तिचा आवाज ते भरून काढत होता. वाचणाऱ्याच्या हातात पिना मारलेली पुस्तिका द्यावी, आपण गप्प बसावं, आणि त्याचं बोट कुठे अडतं तेवढं लिहून घ्यावं.

काळ, पाऊस, जखमा, कपड्यांची बटणं, घड्याळाचे काटे यांची पानवार यादी ठेवायची. मोठ्या कामात हे सहाय्यकांच्या लक्षात असतं. एकट्याच्या कामात कागदावर असावं लागतं.

मनगटाच्या बाबतीत मी जास्त कडक असायला हवं होतं. दुखायला लागल्यावर ती दहा दिवस तशीच काढत राहिली, आणि ते दहा दिवस तीन आठवड्यांना पडले. पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं हात खाली, हे वेळापत्रकातच लिहायला हवं.

एका गोष्टीबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. कापलेलं गल्लीचं पान. त्याशिवाय गोष्ट घट्ट झाली हे खरं, पण मुलगा कुठून आला, पावसात किती चालला, हे त्या पानावर न बोलता कळत होतं. अठ्ठावीस पानं केली असती तर ते राहिलं असतं, आणि उरलेल्या तीन पानांत तिने काय भरलं असतं याची मला तेव्हा भीती वाटली. आज तिचा हात पाहता कदाचित वाटणार नाही.

सध्या दुसरी छपाई चालू आहे, ए५ मध्येच. टोन नव्याने केलेत, अक्षरं साडेदहा पॉइंटची, त्यासाठी नऊ फुगे मोठे करावे लागले. अकराव्या पानावर चार वाजून तेरा मिनिटं झाली आहेत.